सायबिणीचा मनोरा

वेळशी, १७ ऑक्टोबर १९८३

भिका,

पत्राच्या डोक्यावर चिरंजीव नि आशीर्वाद लिहायचे असतात, असं लीलाबाईंनी शिकवलंय. मी लिहिणार नाही. लीलाबाई म्हणजे रत्नागिरीहून प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला येतात त्या. दोन वर्षं मी शाळेच्या पडवीत बसून अक्षरं गिरवली. बायका हसायच्या. म्हणायच्या, गोदे, पन्नाशी उलटल्यावर शिकून काय करणार? मी सांगायचे, एसटीची पाटी वाचीन. खरं कारण हे, की तुला जे लिहायचं ते पोस्टमनला सांगून लिहून घेता येण्यासारखं नव्हतं.

परवा फादरांनी मला बोलावलं. हे फादर नवे आहेत, दीड वर्षापूर्वी आले. माणूस वाईट नाही, पण घाई फार. टेबलावर निळा नकाशा पसरलेला. म्हणाले, "गोदाबाई, हे बघा आपलं नवं चर्च. दोन हजार माणूस बसेल. मध्ये एक खांब नाही."

मी विचारलं, "नि आताचं?"

"ते पाडायचं. फेस्ताची यात्रा झाली की जानेवारीत. तुम्हांला मुद्दाम बोलावलं, कारण काम तुमच्याच घरात जातंय."

नकाशाला एक कागद टाचला होता. मी बोट ठेवून एकेक अक्षर जोडलं. भिकाजी केरू मेस्त्री, ठेकेदार, कुर्ला, मुंबई. दोन वर्षं शिकून मी वाचलेलं पहिलं मोठं नाव तुझं निघालं.

पंधरा वर्षांत तू एक ओळ पाठवली नाहीस. आबा गेले तेव्हा आम्ही तुला कळवलं नाही, हे खरं. ते आईने नको म्हटलं म्हणून. पण तू तरी कुठे विचारलंस? नि आता आठवण झाली ती पाडायला.

तू काय पाडणार आहेस ते सांगते. कुर्ल्यात राहून विसरला असशील. खालच्या तळ्यापासून एक्क्याऐंशी पायऱ्या. तळं म्हणजे जुनी खाण. तिथला जांभा काढून वर देऊळ बांधलं, खड्ड्यात पाणी साचलं, आणि आता यात्रेकरू त्यातच पाय धुऊन चढतात. आपण देऊळ म्हणतो, इनाससारखे किरिस्ताव इगर्ज म्हणतात, आत बसलेली सायबीण माय दोघांना ऐकते. दारावर १८२९ कोरलंय. तुफानात मचवा वाचला म्हणून एका तांडेलाने तिथे आधी झापांची खोपी उभारली होती. पुढे गोव्याहून एक मेस्त, म्हणजे गवंडी, आला, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याने भिंती अडीच हात जाड घेतल्या, बाहेरून टेकूसारखे धिरे दिले, वेदीवर चुन्याचं अर्धगोल छत उतरवलं आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं बसवली. सकाळी आत उभं राहिलं की उजेड ताकासारखा पडतो. समोरच्या भिंतीवर दोन बाजूंना शंखासारखी वेटोळी आहेत. उजवं वेटोळं मेस्ताचं. डावं आपल्या खापरपणज्याचं. त्याने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून ते उलटं फिरलंय आणि त्याच्या मधोमध कमळ आलंय.

मेस्त तापाने गेला तेव्हा मनोरा छपराच्या उंचीला आला होता. वरचा सगळा आपल्या माणसांनी चढवला. त्यांना देवळापुढची दीपमाळ माहीत होती, म्हणून मनोऱ्याचं टोक दीपमाळेसारखं. लांबून तारवातला माणूस पहिल्यांदा पाहतो ते तेच टोक. दुसरा मनोरा झालाच नाही. आबा म्हणायचे, एकच आहे पण आपला आहे.

तो तू पाडणार. फादरांचं मी समजू शकते, ते बाहेरचे आहेत. तुझं समजू शकत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती तुझं नाव काढू देत नाही हे तुला माहीत असेलच.

गोदा


वेळशी, ६ नोव्हेंबर १९८३

भिका,

तुझं अंतर्देशीय मिळालं. सहा ओळी. पंधरा वर्षांनंतर सहा ओळी, त्यातली एक फादरांना नमस्कार सांग म्हणून.

लिहितोस की तुझा माणूस मोजमापाला आला होता, त्याने सांगितलं मनोरा आतून सडलाय. वर लिहितोस, "मी लावलेलं सिमेंट मीच काढणार, तू यात पडू नको. माणसांच्या डोक्यावर पडायच्या आधी सगळंच उतरवलेलं बरं."

सगळंच का? मनोरा सडला असेल तर मनोऱ्याचं बोल. वेदीवरच्या छताने तुझं काय केलंय? दुखतंय बोट, नि तू हात तोडायला निघालास. तुला ते देऊळ उभं असलेलंच नकोय, कारण आबा त्याच्यावरून तुला काय बोलले ते तुला आठवतं.

मलाही आठवतं. सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला आणि मनोऱ्याला वरपासून खाली भेग गेली. आबांनी दुरुस्ती अंगावर घेतली. मग पायावर चिरा पडला आणि ते रत्नागिरीच्या दवाखान्यात जाऊन पडले, आई त्यांच्यापाशी. काम तुझ्यावर आलं. पाऊस तोंडावर होता. तू रत्नागिरीहून सिमेंटच्या गोणी आणल्यास, भेग भरलीस आणि मनोरा खालपासून वरपर्यंत सिमेंटने लिंपून काढलास. आबा काठी टेकत वर गेले. भिंतीवर पंजा ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. घरी येऊन जेवायला बसले नि म्हणाले, "चुना कुठे गेला?" तू म्हणालास, "चुन्याला वेळ लागतो. सिमेंट लवकर होतं." आबांनी ताट सारलं. म्हणाले, "जांभा पाणी पितो नि सोडतो. तू त्याचं तोंड दाबलंस. तो आतल्या आत कुजेल. माझ्या भिंतीला परत हात लावायचा नाही." तू चौथ्या दिवशी मुंबईला गेलास.

मरेपर्यंत आबा त्या मनोऱ्याकडे पाठ करून बसायचे. शेवटच्या आठवड्यात आईला म्हणाले, त्याने माझं नाव बुडवलं. तेव्हापासून आईने तुला टाकलं. हे सगळं तुझ्या त्या घाईपायी झालं, नि घाई तुझी अजून गेलेली नाही.

तुझ्या माणसाने काय पाहिलं देव जाणे. मी काल स्वतः शिडी लावली. इनासने खालून धरली. इनासला विसरला नसशील, घंटा वाजवतो, आता सत्तरीला आलाय. लाकडी मोगरीने मी एकेक भिंत ठोकून आले. दोन्ही बाजूच्या भिंती खणखणीत आहेत. धिरे जागचे हललेले नाहीत. छताला बारीकशी चीर नाही. हे मी फादरांना सांगितलं, आता तुला सांगते. भिंतीला काही झालेलं नाही.

तुझं काम दुसरीकडे शोध. मुंबईत पाडण्यासारखं पुष्कळ असेल.

गोदा


वेळशी, १२ डिसेंबर १९८३

भिका,

आठ तारखेला फेस्त झालं. यंदा माणूस फार. देवळाभोवतीच्या सड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. देवरूखकडच्या वाड्यांतून बायका रात्रभर चालून आल्या, कुणाच्या हातात मेणाचा पाय, कुणाच्या मेणाचं मूल. दर्यावरचे लोक मेणाच्या होड्या घेऊन. दुपारी सायबिणीला पालखीत बसवून बाहेर काढली आणि इनासने घंटा धरली.

मनोऱ्याचं लिंपण सुटलं. दारापेक्षा मोठा तुकडा, एकसंध, तुझ्या सिमेंटचा. पालखी पुढे गेली होती म्हणून बरं. इनास दाराशी दोर धरून उभा होता, त्याच्या खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्या. रत्नागिरीला नेला. आता मांडवीला लेकीकडे आहे.

मी त्याला बघायला गेले. पडल्या पडल्या मला म्हणतो, "गोदे, माझंच चुकलं. मी जोरात वाजवली. म्हातारपणी अंगात आलं माझ्या."

मी त्याला म्हटलं, "इनासबाबा, गप्प बस. तुझं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं?"

त्याच्यापुढे मी जे बोलले ते तुला लिहिते. गेल्या पत्रात मी सगळ्या भिंती ठोकल्या असं लिहिलं. मनोऱ्याचं नाव घेतलं नाही. तू चाणाक्ष आहेस, तुझ्या ध्यानात आलं असेल. मनोरा मी ठोकला होता. रिकाम्या डब्यासारखा वाजला. खालून इनासने विचारलं, काय गो, कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. फादरांनाही तेच सांगितलं. मनोरा सडका म्हटला असता तर त्यांनी तेवढ्यावर सगळं पाडलं असतं, असं मी मनाला सांगत होते. म्हातारा त्या बऱ्या मनोऱ्याखाली उभा राहिला.

तू खरं बोलत होतास म्हणून मला तुझा जास्त राग आलाय. खोटा असतास तर सोपं होतं.

लिंपण पडलं तिथे आतला चिरा उघडा झालाय. मी बोट घातलं, पेरभर आत गेलं. भिजलेल्या गुळासारखा. आबा बोलले होते तसा.

आता दुसरं. हे तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मी ते आजपर्यंत तोंडाने काढलं नाही, म्हणून कागदावर काढते. चुना होता. घराच्या मागल्या टाक्यात, शिंपले भाजून मीच विरवलेला, लोण्यासारखा. भूकंपात टाक्याला चीर गेली होती आणि पाणी झिरपायचं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं पाहिजे, गोणपाटं ओली ठेवली पाहिजेत, असं आबांनी दवाखान्यात जाताना मला सांगितलं होतं, तुला नाही. तू खाणीवर चिरे काढत होतास, तिथेच राहायचास. एप्रिल होता. दोन दिवसांत येते म्हणून मी गेले आणि बारा दिवसांनी आले.

कुठे गेले होते ते तुला एकट्यालाच माहीत आहे. मला टाकून सात वर्षं झाली होती माझ्या नवऱ्याला. सदूने देवरूखला दुसरं घर केलं होतं आणि ती बाई माहेरी गेलीय असं कुणीतरी सांगितलं. मी गेले. बारा दिवस त्याचं घर सारवलं, भाकऱ्या थापल्या, तो हो म्हणेल, नाही म्हणेल, काही तरी म्हणेल. तेराव्या दिवशी ती आली. तो म्हणाला, तू आता नीघ.

परत आले तर टाक्यात दगड. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. तू खाणीवरून आलास, टाक्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. विचारलंस, "कुठे होतीस, अक्का?" मी सांगितलं. तू कुदळ उचलून भिंतीला लावलीस. मग म्हणालास, "आबांना सांगू नको. ते तुला घरात ठेवणार नाहीत." दुसऱ्या दिवशी तू सिमेंट आणायला गेलास.

आबांनी चुना कुठे गेला विचारलं, तेव्हा मी चुलीपाशी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी तवा पुसत राहिले.

हे इनासला सांगितलं. त्याने वर कौलांकडे बघितलं. मग म्हणाला, "आईला सांगितलंस?"

नाही.

गोदा


वेळशी, ३० जानेवारी १९८४

भिका,

तुझं पत्र आलं. यात सहा ओळी पण नाहीत. "झालं ते झालं. कुणाला सांगायची गरज नाही." असं लिहून तू मोठा झालास असं तुला वाटलं असेल. मी लहान राहिले त्याचं काय? पंधरा वर्षं मी तुझ्या उपकाराखाली आहे आणि त्याची फेड तू मागितलेलीही नाहीस. तू मागितली असतीस, एकदा ओरडला असतास, तर मी फेडून मोकळी झाले असते. तू गप्प बसलास. आबांना पटकन खोटं सांगितलंस, जसं सिमेंट पटकन लावलंस, नि निघून गेलास. मागे घरात मी उरले. आई रोज तुला शिव्या द्यायची नि मला म्हणायची, गोदे, तू आहेस म्हणून मी जगले. हे रोज ऐकायला तू नव्हतास.

मी सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आई तांदूळ निवडत होती तेव्हा. देवरूखसकट सगळं सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"म्हंजे चुना तू घालवलास?"

"हो."

"नि त्यानं तुझ्यासाठी सिमेंट लावलान?"

"हो, आई."

"नि ह्यांनी त्याला घालवला. नि मी ह्यांचं ऐकून त्याला मेलेला धरला." ती माझ्याकडे बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी. "तुझ्या हातचं जेवले गो मी इतकी वर्षं. एकदाही तुझ्या तोंडातून निघालं नाय?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

"कसली? मी काय तुला टाकली असती?"

तिने सूप खाली ठेवलं आणि उठली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आपली चूल तिने पडवीत मांडलीय. ऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांनी धड दिसत नाही, तीन दगडांवर स्वतःची पेज शिजवते. मी लाकडं फोडून ठेवते तर घेत नाही, स्वतः काटक्या वेचते. मनोऱ्याच्या आत पाणी साचलं तसं तिच्यात साचत होतं बहुतेक, मीच लिंपून ठेवलं होतं.

आता कामाचं. परवा कमिटीची सभा झाली. मी बोलावल्याशिवाय गेले. अकरा पुरुष नि फादर. मी म्हटलं, मनोरा उतरवा, बाकीच्याला हात लावू नका. मनोरा सिमेंटने सडलाय, बाकीचं चुन्यात आहे, चुन्यातलं अजून शंभर वर्षं हलत नाही. एक जण म्हणाला, "बाई, तुझ्या भावाने तर लिहून दिलंय सगळं धोक्याचं आहे." मी म्हटलं, "माझ्या भावाने वर चढून पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. आणि मनोऱ्याबद्दल मी फादरांशी खोटं बोलले, त्यात इनास मोडला. म्हणून आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. कुठलीही भिंत दाखवा, मी तुमच्यासमोर फोडते."

फादर उठले. स्वतः जाऊन त्यांनी दोन जागा दाखवल्या, एक वेदीमागे, एक दक्षिणेच्या धिऱ्यापाशी. मी छिन्नीने चुना काढला. आत चिरा कोरडा, लाल, नखाला लागत नव्हता. फादरांनी हात लावून पाहिला. बोटाला आलेला चुना जिभेला लावला, का कुणास ठाऊक. म्हणाले, "एकशे पंचावन्न वर्षं?"

मी म्हटलं, "हो. आणि याला आतून कुणी फसवलेलं नाही."

ठरलं ते असं. देऊळ राहील. मनोरा पावसाच्या आत उतरवायचा. मोठा मांडव हवा तर तो पुढे कधी तरी, पायथ्याशी. उतरवण्याचं काम तुझंच आहे. फादर तुला पत्र टाकतील, पण मीही सांगते. तो वरचा मनोरा आपल्या माणसांनी चढवलाय. परक्याच्या पहारेने पडू नये. माणसं पाठवू नको. स्वतः ये.

मी तुझी माफी मागितलेली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मागणार आहे. पण तू समोर असताना, कागदावर नाही.

गोदा


वेळशी, २० मे १९८४

भिका,

तुम्ही पोचल्याचं उल्काने लिहिलं. तुझ्या बायकोचं अक्षर चांगलं आहे. तू लिहिलं नाहीस, ते अपेक्षितच होतं.

तू आलास त्या दिवसापासूनचं माझ्या मनात राहिलंय ते सांगते, कारण सात आठवडे एका परांचीवर उभे असून आपण चुना दे, दोर ओढ, याच्या पलीकडे बोललो नाही. तू अंगणात बॅग ठेवलीस. आई दारात उभी. तिला तू नीट दिसलाही नसशील. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "जेवलास?" तू नाही म्हणालास. तिने तुला पडवीतल्या तिच्या चुलीवरची पेज वाढली. मी आत तुझ्यासाठी मासे केले होते ते तसेच राहिले.

तुझे हात मऊ झालेत. दुसऱ्या दिवशी फोड आले. तरी पहिला चिरा तूच काढलास, आणि एकही चिरा वरून टाकू दिला नाहीस, दोराने उतरवलास, हे मी पाहिलं. टोकाचा दगड खाली आला तेव्हा गावातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तू लावला नाहीस, मीही नाही. छपराच्या उंचीला आलो तेव्हा तू थांबलास. तिथून खाली गोव्याच्या मेस्ताचं काम, इतकं जाड की ओल आतवर पोचली नव्हती. चिरे कोरडे. तू त्यावर पंजा ठेवलास, आणि मला आबा दिसले.

तेव्हाच मी म्हटलं, "भिका, माझं चुकलं." इतकी वर्षं ठरवलेलं वाक्य, ते एवढंसं निघालं.

तू वर बघितलं नाहीस. म्हणालास, "अक्का, चुन्याचं चुकलं ते मी त्याच दिवशी सोडून दिलं. मी आबांना सांगू नको म्हणालो होतो. आबा जाऊन तेरा वर्षं झाली. पुढचं गप्प बसणं तुझं होतं."

ते तसंच आहे. पण तूही ऐक. पुढचं न येणं तुझं होतं. आबा गेल्याचं तुला सहा महिन्यांनी कुणी तरी सांगितलं, हे मला परांचीवर तुझ्याच माणसाकडून कळलं. तेव्हा तू एसटीत बसून आला असतास तर आईने दार लावलं असतं, लावू दे. तू दार वाजवलं असतंस तर मला तोंड उघडावं लागलं असतं. तू तिथे बसून चांगला राहिलास. चांगलं राहणं तुला परवडत होतं. आणि मग अख्खं देऊळ पाडून टाकायच्या कागदावर सही करून दिलीस, न बघता. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही.

आईने तुझ्याबरोबर यायचं ठरवलं ते तुझ्या तोंडून मला कळलं. ट्रंक तिने आदल्या दिवशी भरली होती. मी स्टँडपर्यंत आले. गाडी सुटताना मी खिडकीत हात घातला. तिने धरला नाही, पण बाजूलाही केला नाही. तो तसाच तिच्या मांडीवर होता, गाडी हलेपर्यंत. एवढंच मला मिळालंय आणि ते मी तुला का सांगतेय कुणास ठाऊक.

तिला दुपारी भात नको असतो, पेज दे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, ती कबूल करणार नाही. उजवीकडून बोलायचं. चौथ्या मजल्यावर राहता असं उल्का लिहिते. तिला रोज एकदा खाली माती दिसेल तिथे नेऊन बसवा. हे मी तुला विनंती म्हणून लिहीत नाही.

इथलं. इनास परत आला. खांदा वर जात नाही. घंटा आता लाकडी चौकटीला अंगणात टांगलीय, तो डाव्या हाताने वाजवतो. उतरवलेल्या चिऱ्यांतले चांगले निघाले ते फादरांनी यात्रेच्या संडासांना वापरले. पहिल्यांदा मी चिडले. मग वाटलं, फेस्ताला बायका रात्रभर चालून येतात, त्यांना आडोसा नसतो. आपल्या खापरपणज्याने याला हरकत घेतली नसती. आबांनी घेतली असती.

मनोऱ्याचा राहिलेला बुंधा मी सिमेंट खरवडून चुन्याने झाकतेय. टाकं नवं केलं. वाडीतल्या सखू नि गंगा हाताखाली आहेत, चुना कुटायला शिकल्या. चुन्यातला गूळ कमी पडला की मला न विचारता घालतात, तेवढं सोडलं तर बऱ्या. पहिला हात झाला, दुसरा चाललाय. पावसाच्या आत संपेल.

काल दुपारी एक बाई चढून आली, संगमेश्वराकडची, नवस फेडायला. पायरीवर बसून वर बघत राहिली. म्हणाली, "मागल्या साली टोक होतं. कुणी पाडलं?"

सखू माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "आम्ही. मी नि माझ्या भावाने."

"पाप लागेल गो."

"लागलंय," मी म्हटलं. "दोघांना." आणि तिला तिथून उठवलं, कारण तिचं लुगडं ओल्या चुन्यात जात होतं.

गोदा